बीबॉपचं हेड पाठ झालंय पण बीबॉपसारखं वाजत नाही, तर काय करायचं

तू लिहिलंयस की तीन वर्षं गिटार वाजवतोयस, डोना ली हे बीबॉपचं (1940 च्या दशकातल्या वेगवान जॅझचं) हेड, म्हणजे सोलोच्या आधी-नंतर वाजणारी मुख्य चाल, टॅबवरनं पाठ केलंस, मिनिटाला 120 ठोक्यांना पूर्ण वाजतं, 160 च्या पुढे हात गुंततो, जे वाजतं तेही स्केलचा व्यायाम केल्यासारखं ऐकू येतं, आणि दोन आठवडे हात लावला नाही की मधले आठ बार (चार-चार ठोक्यांचे गट) गायब. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे असं माझं ठाम मत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. वीसेक वर्षं हेच वाजवतोय, शिकवतोय, आणि या तिन्ही अडचणींतून स्वतः गेलोय.

मूळ असं की ती चाल तुझ्या फक्त बोटांना माहीत आहे. कानाला अर्धवट, गळ्याला अजिबात नाही. टॅब तुला एवढंच सांगतं की कुठल्या तारेवर कितवा फ्रेट, पण कुठला सूर दाबून म्हणायचा, कुठला गिळायचा, कुठे दोन सूर एकाच झटक्यात जोडायचे, वाक्य कुठे तोडायचं, यातलं काहीच त्यात नसतं, आणि बीबॉप तर सगळं तिथेच आहे. सूर तेच ठेवून हे सगळं काढून टाकलं की खरंच स्केलचा व्यायाम उरतो. म्हणजे तुझ्या कानाने बरोबर ओळखलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, डोना ली सध्या बाजूला ठेव. तिच्याबद्दल मला प्रचंड प्रेम आहे पण ती पहिली शिकायची चाल नाहीच. 1947 ची ती रेकॉर्ड सॅक्सोफोन वाजवणाऱ्या चार्ली पार्करच्या नावावर आहे आणि त्याच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने नंतर सांगितलं की ती चाल त्याची, पण ज्याची कुणाची असेल ती, ऐकताना ती हेडपेक्षा लिहून काढलेल्या सोलोसारखीच वाटते. 32 बार जवळजवळ न थांबता आठवे सूर, म्हणजे ठोक्याला दोन, श्वासाला जागा अगदी कमी, वर ए फ्लॅटची की (म्हणजे मूळ सूर ए फ्लॅट). ज्याला अजून वाक्य कुठे संपतं ते ऐकू येत नाही त्याने तिथून सुरुवात केली की सुरांची एक लांबलचक साखळी पाठ होते, आणि साखळीतली एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. तुझे आठ बार असेच गायब होतात.

त्याऐवजी पार्करचीच नाऊज द टाइम घे. एफ मधला ब्लूज (बारा बारचा ठराविक कॉर्डक्रम), एक छोटासा तुकडा फिरून फिरून येतो, मध्ये भरपूर मोकळी जागा, लय मध्यम. "हे फारच सोपं आहे" असं वाटेल, वाटू दे, सोपी चाल नीट वाजवणं हाच तर प्रश्न आहे. त्यानंतर बिलीज बाउन्स, तीही एफ मधला ब्लूज आणि तीही नोव्हेंबर 1945 च्या त्याच रेकॉर्डिंगमधली, पण लय तिच्यापेक्षा जास्त आणि वाक्यं जरा वाकडी, अनपेक्षित जागी सुरू होणारी. मग यार्डबर्ड स्वीट किंवा स्क्रॅपल फ्रॉम द ॲपल, मग कन्फर्मेशन, आणि डोना ली त्याच्याही नंतर. सहा महिन्यांत तीन हेड अगदी आतपर्यंत मुरली तर मी म्हणेन खूप छान झालं. तीस हेड अर्धवट येणारे बरेच जण मला भेटलेत, त्यांना त्यातल्या एकाचाही सोलोत उपयोग होत नाही.

आता शिकायचं कसं. पहिले तीन दिवस गिटारला हात लावायचा नाही. रेकॉर्ड लावायची आणि गायचं. आवाज चांगला असण्याशी याचा काही संबंध नाही, सूर साधारण जागेवर आणि लय पक्की एवढंच हवं. दोन बार ऐक, थांबव, म्हण. ऐकू येत नसेल तर वेग अर्ध्यावर आण, आजकाल फोनवरची साधी ॲप्सही की न बदलता वेग कमी करतात. "दा दा" करत गाऊ नकोस, पार्कर ज्या अक्षरांनी बोलतोय असं वाटतं ती अक्षरं म्हण, "डू-या-डू-याड्ल-डी-डॅट" काहीही, कारण ती अक्षरं म्हणताना जीभ आपोआप जोर देते आणि सोडते. बीबॉप हे नावच गाताना तोंडी येणाऱ्या अशा अर्थ नसलेल्या अक्षरांवरनं आलंय. वाक्याच्या शेवटी दोन सूर, दुसरा आखूड तोडलेला, बी-बॉप, हे तुला रेकॉर्डमध्ये ठिकठिकाणी सापडेल. आणि हाच शेवटचा आखूड सूर गिटारवाले हमखास लांबवतात, कारण तारेवरचं बोट उचलायला विसरतात.

पूर्ण हेड रेकॉर्डबरोबर गाता आलं, मग रेकॉर्डशिवाय नुसत्या टाळीवर गाता आलं, की मगच गिटार उचल. आणि तेव्हाही टॅब नको. गातोयस तो सूर गिटारवर शोध. पहिल्या हेडला याला दोन-तीन आठवडे लागतील, चिडचिड होईल, दुसऱ्याला निम्मा वेळ लागतो. शेवटी छापलेल्या कागदाशी ताडून बघायला हरकत नाही, पण कागदातही चुका असतात आणि भांडण झालं तर रेकॉर्डचं खरं धरायचं. एक सावधगिरी, कागद ऑल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिलेला असेल तर एफ मधली चाल त्यात डी मध्ये दिसेल, ती तशीच वाजवलीस तर बाकीच्या सगळ्यांशी फारकत. शिवाय गिटार लिहिलेल्यापेक्षा एक ऑक्टेव्ह खाली वाजते, त्यामुळे पार्कर ज्या उंचीवर वाजवतोय तिथे पोचायला लिहिलेल्याच्या एक ऑक्टेव्ह वर वाजवावं लागतं. दोन्हीकडे शीक, पण आधी रेकॉर्डच्या उंचीवर, म्हणजे त्याच्यासोबत वाजवताना तुझा सूर त्याच्या सुरात मिसळला की नाही ते लगेच कळतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट, स्लर, म्हणजे नवा मार न देता एका सुरातून दुसऱ्यात जाणं. सॅक्सोफोनवाला प्रत्येक सुराला जीभ लावत नाही. सलग आठव्या सुरांच्या ओळीत तो बऱ्याचदा जीभ लावतो ती "आणि" वर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या सुराला, आणि तिथून पुढच्या ठोक्यावरचा सूर त्याच फुंकेत घसरत येतो. म्हणजे जोर ठोक्याच्या अलीकडे पडतो. याच्यामुळे ती ओळ पुढे झुकलेली, धावणारी वाटते. गिटारवर आपण पिक (तार छेडायची पट्टी) खाली-वर करतो तेव्हा सवयीने खालचा मार ठोक्यावर आणि जास्त जोरात पडतो, म्हणजे बरोब्बर उलटं. तुझं वाजवणं व्यायामासारखं वाटतं त्याचं निम्मं कारण हे आहे.

उपाय असा, "आणि" वरचा सूर पिकने मार आणि ठोक्यावरचा सूर डाव्या हाताने काढ, हॅमर, पुल किंवा स्लाइड करून (बोट आपटून, ओढून किंवा सरकवून). आधी साधी एफ मेजर स्केल घेऊन असंच वाजव, पहिल्या दिवशी हात वेडावाकडा होतो, आठवड्याभरात बसतं. पण यातनं एक मोठी गोष्ट निघते, ती म्हणजे बोटांची रचना. "आणि" वरचा आणि त्याच्या पुढचा सूर एकाच तारेवर असेल तरच स्लर होणार, मधे तार बदलली की नाही होणार. म्हणजे कुठल्या फ्रेटला वाजवायचं हे ठरवताना "हाताला जवळ काय" हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न "स्लर कुठे हवाय". गिटारवर एकच सूर चार-पाच ठिकाणी मिळतो, वरच्या मोकळ्या तारेचा ई घे, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या. टॅब लिहिणाऱ्याने यातली एक जागा त्याच्या सोयीने निवडली, तू ती देववाणी समजून पाठ केलीस. मी एकेका वाक्याच्या तीन-तीन रचना करून बघतो आणि गाण्याच्या सगळ्यात जवळची ठेवतो, पुष्कळदा ती दिसायला सगळ्यात गैरसोयीची असते.

गिटारवाल्यांतच याला अपवाद आहेत. पॅट मार्टिनो जवळजवळ प्रत्येक सूर पिकने मारायचा, चार्ली क्रिस्चनच्या उजव्या हातात खालचे मार भरपूर होते, आणि दोघांचंही वाजवणं जबरदस्त झुलतं. म्हणजे स्लर हा कायदा नाही, जोर योग्य जागी पडला की झालं. पण शिकताना स्लरने तो जोर कानाला कळतो, नंतर पिकने आणता येतो.

जोर कुठे, याचं ढोबळ उत्तर म्हणजे ओळीचं वळण बघायचं. ओळ चढत जाऊन जिथे वळते तो सर्वात वरचा सूर, आणि तो "आणि" वर आला असेल तर नक्कीच. त्याच्या आजूबाजूचे काही सूर अगदी गिळलेले असतात, रेकॉर्ड हळू करून ऐकलंस तर कळेल की तिथे सुरापेक्षा सुराची सावलीच आहे. तेही तसंच वाजव. सगळे सूर सारखे स्वच्छ वाजवायची गिटारवाल्यांची जी हौस असते ती इथे मारक ठरते.

स्विंगचंही, म्हणजे जॅझमधल्या झोक्याचंही बोलतो. बरेच जण आठव्या सुरांना लंगडी घालायला लावतात, टss-ट टss-ट, एकदम उड्या मारत. 120 ला तिप्पटीचा (एका ठोक्याचे तीन भाग केल्यासारखा) झोका ठीक आहे, पण 200 च्या वर गेलास की सूर जवळजवळ सारखेच पडतात आणि झोका येतो तो जोर आणि स्लरमधून. तू 160 ला अडकतोस त्यात याचाही हात असणार, लंगडी घालत कुणी वेगात पळू शकत नाही.

वाक्य कुठे तोडायचं हे मला एका प्रसंगाने कळलं. चार-पाच वर्षं घरी एकट्याने हेड घोटल्यावर पहिल्यांदा एका सॅक्सोफोन वाजवणाऱ्या ज्येष्ठ माणसाबरोबर बिलीज बाउन्स युनिसनमध्ये (दोघांनी तेच सूर एकत्र) वाजवायला बसलो. सूर सगळे बरोबर, लयही धरलेली, तरी दोघं मिळून एक आवाज होईना. त्यांनी थांबवून एवढंच विचारलं की तू श्वास कुठे घेतोस. मी म्हटलं गिटारला श्वास कशाला, तर ते काही बोलले नाहीत, मला फक्त गायला लावलं, आणि गाताना मी जिथे जिथे श्वास घेतला तिथे तिथे वाजवताना मी सूर ओढून ठेवत होतो हे मलाच ऐकू आलं. तेव्हापासून मी वाजवताना खरोखर श्वास त्या वाक्याबरोबर सोडतो, वाक्य संपलं की बोट उचलतो, आवाज बंद, श्वास घेतो, मग पुढचं. तू हे आजच करून बघ, नुसत्या श्वासाने नाऊज द टाइम अर्धं सुधारेल.

आता वेग. रोज मेट्रोनोम दोन-दोन अंकांनी वाढवत जायची पद्धत मला फारशी पटत नाही, कारण 100 ला हात ज्या हालचालींनी चालतो त्याच हालचाली 200 ला चालत नाहीत, पिक जास्त लांब फिरत असतं, बोटं तारेपासून उंच उचललेली असतात आणि हळू वेगात ते खपून जातं. 200 च्या लयीत आठवे सूर म्हणजे सेकंदाला साडेसहापेक्षा जरा जास्त सूर. ते पूर्ण हेडभर नाही जमणार, पण पाच सूर जमतात. म्हणून चार सूर आणि पुढच्या ठोक्यावर येऊन थांबायचा पाचवा सूर, एवढाच तुकडा पूर्ण वेगात, सैल हाताने, मग दोन ठोके विश्रांती, परत. तो हलका झाला की पुढचा तुकडा, मग दोघांची जोड. थांबायचं मात्र नेहमी ठोक्यावर, म्हणजे जोडताना सांधा दिसत नाही. हात आखडला की तिथेच थांब, आखडलेल्या हाताने वीस वेळा वाजवलं तर वीस वेळा आखडणंच पाठ होतं.

मेट्रोनोम दोन आणि चारवर ऐकायचा. 200 ची लय हवी तर तो 100 वर लाव आणि ते ठोके दुसरी आणि चौथी मात्रा समज. सुरुवातीला कान परत परत त्याला पहिली मात्रा समजायला बघतो, म्हणून आधी नुसतं मोजत, गात बस. हे पक्कं झालं की 50 वर लाव, बारमध्ये एकच ठोका, चौथ्यावर. इथे तुझी लय खरंच तुझी आहे की मेट्रोनोमची ते उघडं पडतं. मला अजूनही दर काही दिवसांनी हे करावं लागतं.

पार्करच्या चालींत एक हालचाल वारंवार येते ती वेगळी बसवून ठेव, खालून एका अर्ध्या सुराने आत येऊन तिप्पटीत वर जाणारा आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून). जी मायनर सेव्हन या कॉर्डवर घेऊ. एफ शार्प "आणि" वर, मग जी, बी फ्लॅट, डी ही एका ठोक्यातली तिप्पट, आणि पुढच्या ठोक्यावर एफ. पाचव्या तारेवर करंगळी नवव्या फ्रेटवरनं दहाव्यावर सरकव, मग अनामिका चौथ्या तारेच्या आठव्यावर, मधलं बोट तिसरीच्या सातव्यावर, तर्जनी दुसरीच्या सहाव्यावर. तिरकी सरळ रेष. पिकने पाचव्या तारेवरचा एफ शार्प मारला की जी स्लाइडने येतो, आणि मग पिक वर न उचलता खाली-खाली ढकलत चौथी, तिसरी, दुसरी. तिथे खाली-वर मारायला गेलास तर वेगात कधीच स्वच्छ येणार नाही. फक्त तिप्पट सारखी पडतेय ना बघ, ढकलताना सूर एकमेकांवर आदळतात आणि डाव्या हाताची बोटं लगेच सैल केली नाहीत तर कॉर्डसारखं वाजतं.

उतरत्या ओळींतला अर्ध्या सुराचा खेळही समजून घे. सी सेव्हनवर वरच्या सी पासून खाली येताना सी आणि बी फ्लॅटच्या मध्ये बी घातला की सी, बी, बी फ्लॅट, ए, जी, एफ, ई, डी असे आठ सूर होतात, आणि ठोक्यांवर बरोबर सी, बी फ्लॅट, जी, ई पडतात, म्हणजे कॉर्डचे सूर. तो बी न घालता सातच सूर वाजवलेस तर पुढच्या फेरीत सगळं उलटं पडतं. याला पुढे शिक्षकांनी बीबॉप स्केल असं नाव दिलं. तुझ्या हेडमध्ये जिथे जिथे "हा सूर तर की मध्ये नाहीच" असं वाटतं तिथे बघ, बऱ्याचदा तो ठोक्यांच्या मधला सूर असतो आणि त्याचं काम पुढच्या ठोक्यावर कॉर्डचा सूर आणून ठेवणं हे असतं.

म्हणूनच हेड कॉर्डशिवाय पाठ करू नकोस. विसरण्यावर याच्याइतका खात्रीचा उपाय मला माहीत नाही. प्रत्येक कॉर्डचे फक्त तिसरा आणि सातवा सूर गिटारवर धर आणि वरून चाल गा. हे जमायला लागलं की मधले आठ बार हरवणार नाहीत, कारण तुला माहीत असेल की आपण आत्ता बी फ्लॅट सेव्हनवर आहोत. या चाली बऱ्याचदा जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या कॉर्डवर नव्याने बांधलेल्या आहेत, कॉर्डच्या क्रमावर कॉपीराइट लागत नाही आणि वाजवणाऱ्यांना ते क्रम आधीच पाठ होते. डोना लीच्या खाली इंडियाना या गाण्याचे कॉर्ड आहेत. स्क्रॅपलमध्ये हनीसकल रोजचे, आणि मधल्या भागात आय गॉट रिदमचे. ते मूळ गाणंही गुणगुणता यायला हवं, ते आतून चालू असलं की वरच्या वाकड्या चालीत पाय घसरत नाही.

पाठ झालंय की नाही याची माझी परीक्षा अशी, मधल्या कुठल्याही बारपासून सुरू करता येतं का, त्याच सुरात पण दुसऱ्या जागी वाजवता येतं का, आणि कॉर्ड वाजवणाऱ्याने मध्ये काही वेगळं केलं तरी चालू राहता येतं का. अख्खं हेड बाराही कीमध्ये करायच्या नादी सध्या लागू नको. त्यातलं तुला सगळ्यात आवडलेलं दोन बारचं एक वाक्य घे आणि ते बाराही कीमध्ये फिरव. मग सोलो करताना ते वाक्य जसंच्या तसं सुरू कर आणि शेवट बदल. दुसऱ्या दिवशी उलटं कर, सूर सगळे बदल पण त्या वाक्याची लय तशीच ठेव. हे दुसरं मला जास्त आवडतं, कारण पार्करच्या वाक्यांची लय सुरांइतकीच मोलाची आहे आणि ती उचलायला फार कमी जण जातात.

ऐकण्याबद्दल, गिटारवाल्यांपुरतं थांबू नकोस. चार्ली क्रिस्चन 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स क्लबमध्ये बीबॉप घडवणाऱ्या मंडळींबरोबर वाजवत होता आणि 1942 मध्ये 25 व्या वर्षी गेला, म्हणजे बीबॉप पूर्ण फुलायच्या आधीच. त्यानंतरच्या गिटारवाल्यांनी ही भाषा सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि बड पॉवेलच्या पियानोवरनं उचलली, तूही तिथूनच उचल. गिटारवर ती कशी बसते हे बघायला जिमी रेनी ऐक, त्याच्याइतकं सरळ आणि सुंदर वाक्य गिटारवर फार थोडे बोललेत. टॅल फार्लो ऐक, आणि आजचा पास्क्वाले ग्रासो. गिटार कुठलीही चालेल, मानेजवळचा पिकअप, टोन जरा कमी, इफेक्ट सगळे बंद, पिक जाड. यावर याहून जास्त वेळ घालवू नकोस.

तर आज रात्री नाऊज द टाइमची 1945 ची रेकॉर्ड लाव, पहिले चार बार, गिटार पेटीतच राहू दे. तीन दिवस गायल्यावर उचल. दोन आठवड्यांनी बारा बारचं रेकॉर्डिंग पाठव, आधी गातानाचं आणि मग वाजवतानाचं, आणि सोबत लिही की स्लर कुठे कुठे टाकलेस आणि कुठली तार बदलताना ते तुटतायत, मग त्या जागांसाठी बोटांची रचना आपण मिळून बघू.